निवृत्तीनंतर मिशनसेवेला निघताय? गुडघ्यांसकट हसत कसं निघावं

पेन्शन सुरू झाली, मुलं मार्गी लागली, आता वर्ष-दीड वर्ष दोघांनी ख्रिस्ती मिशनच्या सेवेला जाऊ, असं मनात असेल तर बॅग भरण्याआधी एक तयारी करा. आपल्या म्हातारपणावर मोकळेपणाने हसायची सवय लावून घ्या. नव्या गावी जो आपलं दुखणं लपवतो, त्याच्यामागे इतरांनाच धावावं लागतं. जो हसत सांगतो, "मला जिना झेपत नाही, खालची खोली द्या," त्याचं काम पहिल्या दिवशीच सुरू होतं.

आधी बायबलातल्या उत्पत्तीचा १८ वा अध्याय दोघांनी मोठ्याने वाचा. अब्राहाम शंभरीला टेकलेला, सारा नव्वदीला, आणि मूल होणार हे ऐकून ती आतल्या आत हसते. विचारलं तर म्हणते, मी नाही हसले! देवाने तिला तेवढ्यावरून टाकलं नाही. हारान सोडून निघाला तेव्हाही अब्राहाम ७५ वर्षांचा होता.

मग तपासण्या. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केल्यापासून मिरजेत लांबलांबून लोक उपचाराला येतात, तेव्हा इथल्यांना सबब नाही. डोळे, कान, दात, साखर, बीपी सगळं बघून घ्या. गोळ्यांच्या यादीत ब्रँडसोबत औषधाचं मूळ नावही डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण तोच ब्रँड दुसरीकडे मिळेलच असं नाही. नवी कवळी बसवली असेल तर थोडं सांगलीचं भडंग खाऊन बघा. शेंगदाणा खाली अडकला तर निघण्याआधी दातांच्या डॉक्टरांना पुन्हा भेटा.

कानांचं मात्र घरातच कळतं.
"अहो, तिकडं पाण्याची सोय आहे का?"
"गाण्याची? आहे की, दर रविवारी."
असं झालं की दोघांनी पोटभर हसा आणि दुसऱ्याच दिवशी कान तपासायला जा. ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवायची सवयही आत्ताच लावा. तिकडे कुणी मनातलं दुःख सांगायला आलं, तर ते नीट ऐकू यायला हवं.

नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नका. परगावी असाल तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण देता येतं. वयाने बोटांवरच्या रेषा झिजतात, अंगठा जुळत नाही, अशांना हे फार सोयीचं. ते कसं करायचं हे नातवंडांकडून आधीच शिकून घ्या. फोन डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो आणि आजोबा फोटोला बसल्यासारखे ताठ. शेजारून आजी ओरडतात, "अहो, मिटा की डोळे! सरकारला वाटेल, गेलात." आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करायचं, यावर हसू यायलाच हवं.

रोज आमराईत चालून या. घरी आल्यावर जमिनीवर बसायचा आणि उठायचा सराव करा, आधाराला खुर्ची जवळ ठेवा. उठताना "आई गं" निघतंच. त्याऐवजी आवडत्या गीताचं ध्रुवपद म्हणा. दोघं मिळून म्हणायला लागलात की उठणं लांबतं, पण कंटाळा येत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. ज्याचं दुखणं, त्याने आधी हसायचं. जोडीदाराने चारचौघांत सुरुवात करायची नाही. किल्ली कुठे ठेवली हे विसरणं हसण्यावारी न्यावं. रोजच्या वाटेवर घर सापडेना झालं तर तिथे हसू नये, डॉक्टरांकडे जावं.

मानपानही घरीच ठेवून जावा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तेव्हा त्यांची पंचावन्नी आली होती. नाव झालेलं असतानाही त्यांनी नव्याने सुरुवात केली. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेल्यांनी तिकडे सतरंज्या घालायची मनाची तयारी ठेवावी.

शेवटी, जिथे जाणार तिथल्या लोकांना एक पत्र लिहा. आपल्याला काय येतं ते चार ओळींत, काय जमत नाही ते जरा सविस्तर. उदाहरणार्थ: "जिना एकच मजला. जेवणात तिखट चालेल, मीठ कमी. दुपारी अर्धा तास झोप, ही हवीच. यांचा आवाज मोठा आहे, भांडण समजू नये." हे पत्र महिनाभर आधी पाठवा, म्हणजे त्यांना खालची खोली बघायला वेळ मिळेल.