लाकडी मॉडेल होडीला इपॉक्सी: आधी आतून, मग बाहेरून

लाकडी मॉडेल होडी बहुतेक वेळा आतून खराब होते. बाहेरून ती चकचकीत दिसते, पण शाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या) नळीतून किंवा डेकच्या झाकणाच्या फटीतून आलेलं चमचाभर पाणी आतल्या कोऱ्या लाकडात मुरतं. लाकूड फुगतं, पट्ट्यांचे जोड सुटतात आणि बाहेरचा थर तडकतो. म्हणून इपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून घट्ट होणारा, थर द्यायला सुरुवात आतून करायची.

इथली मापं साधारण 90 सेंमी लांब, बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) पट्ट्यांच्या रेडिओ कंट्रोल होडीसाठी आहेत. तिच्या हलचं (मुख्य कवचाचं) बाहेरचं क्षेत्रफळ अंदाजे 0.3 चौरस मीटर भरतं.

रेझिन पातळ, लॅमिनेटिंगचं (कापडासह थर देण्याचं) आणि सावकाश घट्ट होणारं घ्या. पाच मिनिटांत वाळणारं इपॉक्सी चिकटवायला ठीक, पण पाण्यात ते टिकाव धरत नाही. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, आणि ते वजनाचं आहे की आकारमानाचं हे नीट वाचा. दोन्ही आकडे वेगळे असतात. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. 'लवकर वाळावं' म्हणून हार्डनर वाढवलात तर थर कायमचा चिकट राहतो. एका वेळी 30-40 ग्रॅमच कालवा आणि उथळ ताटलीत पसरा, कारण कपात साचलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागतं. नायट्राइलचे हातमोजे घाला. एकदा ॲलर्जी जडली की हा छंदच सोडावा लागतो.

आत 30 ग्रॅमच्या आसपास पुरतं. हलच्या आतल्या आडव्या फळ्यांना तळाशी पाणी वाहून जाण्यापुरती भोकं आधीच पाडून ठेवा. ब्रशने कोपऱ्यांत नीट भरा आणि तळाशी साचलेलं टिपून घ्या, ते नुसतं वजन आहे.

वेळ संध्याकाळची निवडा. सकाळी तापमान चढत असताना लाकडातली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि थरात बुडबुडे उठतात; उतरत्या तापमानात लाकूड रेझिन आत ओढतं.

बाहेरून आधी 20-25 ग्रॅमचा एक थर द्या. तो वाळल्यावर 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. हा थर चुकवलात तर बाल्सा कापडातलं रेझिन शोषून घेतो आणि कापड पांढरं, कोरडं पडतं. मग चौरस मीटरला 50 ग्रॅमचं फायबरग्लास कापड कोरडंच अंथरा, पुढच्या टोकाला चीर देऊन बसवा. रेझिन मध्यरेषेवर ओतून जुन्या प्लास्टिक कार्डाने कडेकडे ओढा. कापड पारदर्शक झालं आणि विण अजून दिसतेय, म्हणजे बरोबर. विण बुडेपर्यंत ओतलंत तर कापड तरंगतं. कडा रेझिन चामड्यासारखं झालेलं असतानाच ब्लेडने कापा.

विण भरायला आणखी दोन पातळ थर लागतात. बोटाचा ठसा उमटतो पण बोटाला काही लागत नाही, अशा अवस्थेत पुढचा थर द्यावा. रात्र उलटली तर घासल्याशिवाय देऊ नका.

पावसाळ्यात, त्यातही कोकणात, वाळलेल्या थरावर मेणचट तवंग येतो. तो थिनरने नाही, साध्या पाण्याने आणि स्क्रबरने निघतो. घासण्याआधीच धुवा, नाहीतर तो ओरखड्यांत दाबला जातो आणि पुढचा थर जागोजागी फाटतो.

शाफ्ट आणि सुकाणूच्या नळ्यांची भोकं 2-3 मिमी मोठी पाडा, दाट केलेल्या इपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर मापाचं भोक पुन्हा पाडा. कापलेलं लाकूड कुठेच उघडं राहत नाही.

उन्हात इपॉक्सी पिवळं पडून भुकटी होतं, त्यामुळे वर रंग किंवा उन्हाचे अतिनील किरण रोखणारं यूव्ही वॉर्निश हवंच. दोन भागांचं पॉलियुरेथेन उत्तम. साधा ऑइल पेंट कधी कधी इपॉक्सीवर वाळतच नाही.

गळती तपासायला रंगाआधी कोरड्या होडीत कोरडा टिश्यू पेपर अंथरून ती तोला. मग पिशवीत वजन ठेवून तासभर टबात तरंगवा, पिशवी काढून, बाहेरून पुसून पुन्हा तोला. वजन वाढलं असेल तर टिश्यू कुठे ओला झालाय ते पाहा, गळती तिथेच जवळपास असते.