ग्रेट डेन घरी आणण्याआधी

शेल्टरमधल्या, म्हणजे निराधार कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या, ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याला हो म्हणण्याआधी आपल्या घराची फरशी बघा. गुळगुळीत टाइल्सवर ६०-७० किलोचं कुत्रं उठायला गेलं की मागचे पाय फाकतात, आणि एकदा घसरून धास्ती बसली की ते त्या खोलीत पाऊल टाकत नाही. दारापासून झोपायच्या जागेपर्यंत आणि तिथून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट अंथरून ठेवा. गादी जाड हवी. कडक लादीवर बसून बसून कोपरांना घट्टे पडतात. आमची दुर्गी पाच वर्षांची होऊन आली ती असे घट्टे घेऊनच. आईनं जुन्या लुगड्याची गोधडी गादीवर घातली, तेव्हा ती पहिल्यांदा पाय पसरून झोपली.

शेल्टरमध्ये दोन-तीनदा जा, घरातल्या सगळ्यांना घेऊन जा, आणि पट्टा स्वतः धरून त्याला फिरवून बघा. रोज जेवण घालणाऱ्या माणसाला विचारा: एकटा राहतो का, मांजर दिसली तर काय करतो, जेवताना जवळ गेलेलं चालतं का? लसींचं कार्ड आणि नसबंदीचा कागद मागून घ्या. गोचीडतापासाठी रक्त आणि शक्य असेल तर हृदयही तपासून घ्या, कारण या जातीत हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याचा आजार आढळतो. डेनचं आयुष्य साधारण ७ ते १० वर्षांचं. हे घरातल्या मुलांनाही आधीच सांगा.

आता सर्वांत महत्त्वाचं, पोटाला पीळ पडणं. जठरात हवा भरते, ते स्वतःभोवती फिरतं आणि रक्तपुरवठा तुटतो. पोट फुगतं, कुत्रं अस्वस्थ होऊन येरझारा घालतं, लाळ गळते, उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काहीच पडत नाही. असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. काही तासांत जीव जातो आणि शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. म्हणून रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना आधीच शोधा, तिथे जाऊन या, नंबर फ्रिजवर चिकटवा. त्याला गाडीत कोण आणि कसं चढवणार हेही ठरवा. जाड चादरीच्या झोळीत दोघांनी उचलायचा सराव एकदा करून बघा. जठर पोटाच्या भिंतीला टाचून ठेवायची प्रतिबंधक शस्त्रक्रिया असते, तिच्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. जेवण एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून द्या, आणि जेवणानंतर तासभर तरी पळापळ नको. पहिला आठवडा शेल्टरमधलंच खाणं चालू ठेवा, नवं हळूहळू मिसळा.

खर्चाचा हिशेब कागदावर मांडा. जंताचं, गोचिडांचं औषध वजनावर ठरतं, त्यामुळे एवढ्या मोठ्या कुत्र्याला ते जास्त लागतं.

महापालिकेचा परवाना काढा. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही अडवता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तरी शेजाऱ्यांना आधी भेटून या. एवढं मोठं जनावर अचानक लिफ्टमध्ये दिसलं तर कुणीही दचकेल, आणि समोरचं माणूस दचकलं की बिचारं कुत्रंही दचकतं.

पहिल्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका. पहिल्या रात्री आपलं अंथरूण त्याच्याच खोलीत, गादीपासून हातभर अंतरावर घाला. जवळ यायचं का, ते त्याला ठरवू द्या.