फ्लॅट स्कीमला रहदारीच्या मुद्द्यावर विरोध करताय? या चुका टाळा

गेल्या रविवारी पुन्हा एक फोन आला. "ताई, आमच्या गल्लीच्या तोंडाशी सात मजली स्कीम येऊन राहिली. निवेदन लिहून द्या." मी तीनच गोष्टी विचारल्या. नकाशात रस्ता किती फुटी आहे? मंजुरी कोणत्या कार्यालयाने दिली? सकाळी नऊ ते दहा त्या रस्त्यावरून किती गाड्या जातात? तिन्हींना उत्तर नव्हतं. सह्या मात्र गोळा झाल्या होत्या.

दक्षिण नागपुरातल्या आमच्या लेआऊटमध्ये आणि आसपास गेल्या अकरा वर्षांत मी अशा तीन लढायांमध्ये होते. एक आम्ही साफ हरलो, एक अर्धी जिंकलो, तिसरी अजून चालू आहे. विरोध करू नका असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या रस्त्यावरून आपली पोरं सायकलने शाळेत जातात त्याची काळजी आपणच करायची. पण दर वेळी त्याच चुका होतात, आणि चांगली बाजू असूनही लोक हात हलवत परत येतात. ते पाहून जीव तुटतो.

"रहदारी वाढेल" एवढंच म्हणणं

ही पहिली चूक, आणि सर्वांत महागात पडणारी.

आमच्या पहिल्या लढाईत निवेदनावर साहेबांनी बैठक लावली. आम्ही तीस-पस्तीस जण गेलो. चाळीस मिनिटं प्रत्येक जण तेच बोलला: आधीच जाम असतो, शाळेच्या वेळी रस्ता ओलांडता येत नाही, अ‍ॅम्ब्युलन्स अडकेल. सगळं खरं होतं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आत्ता तासाला किती वाहनं जातात?" खोलीत कोणी बोलेना. मागून एक काका म्हणाले, "मोजून काय होते साहेब, सगळ्याइले दिसून राह्यलं ना!" बिल्डरच्या माणसाने फाइल उघडून सल्लागाराचा दोन पानी अहवाल टेबलावर ठेवला. त्यात आकडे होते. मोजणी शाळांच्या उन्हाळी सुट्टीत झाली होती, हे आम्हाला पुढे दोन महिन्यांनी कळलं. पण त्या दिवशी टेबलावर एकच कागद होता, आणि तो त्यांचा होता.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. मोजणी झाल्याशिवाय निवेदनाचं एक वाक्यही लिहायचं नाही. शाळा चालू असताना, सणवार टाळून, मंगळवार ते गुरुवारमधला दिवस धरायचा. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, चौकाच्या दोन कोपऱ्यांवर दोन-दोन माणसं. दर पंधरा मिनिटांना नवा रकाना. दुचाकी, कार, ऑटो, स्कूलबस, ट्रक, सायकल वेगवेगळ्या मोजायच्या. मोबाइल उंचावर बांधून व्हिडिओही काढून ठेवते, म्हणजे कोणी शंका घेतली तर दाखवता येतो. एका दिवसावर समाधान मानू नका. दोन वेगळ्या आठवड्यांतले दोन दिवस घ्या.

मग हिशेब. वाहतुकीत सगळ्या गाड्या एकाच मापात आणतात, त्याला पीसीयू म्हणतात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०६ मध्ये, कार म्हणजे १. दुचाकींचं प्रमाण एकूण वाहनांच्या १० टक्के किंवा जास्त असेल तर एक दुचाकी ०.७५, नागपुरात ते असतंच. ऑटोचं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असेल तर एक ऑटो १.२. समजा, तासाला ६०० दुचाकी, २०० कार आणि ४० ऑटो जातात. ४५०, २०० आणि ४८ मिळून ६९८ पीसीयू झाले. त्याच मार्गदर्शिकेनुसार दुतर्फा वाहतुकीच्या दोन लेनच्या कलेक्टर रस्त्याची, म्हणजे ज्याच्यावर घरांची फाटकं उघडतात आणि कडेला गाड्याही लागतात अशा रस्त्याची, क्षमता तासाला ९०० पीसीयू धरतात. शिल्लक राहिली सुमारे २००.

आता नवी स्कीम किती भर घालेल? अंदाज ठोकू नका. जवळच्याच ऐंशी-शंभर फ्लॅटच्या, साधारण त्याच किमतीच्या स्कीमच्या फाटकावर सकाळचा एक तास उभे राहा. किती गाड्या बाहेर पडल्या, किती आत गेल्या, ते फ्लॅटच्या संख्येने भागा. तेच प्रमाण नव्या स्कीमला लावा. हा आकडा तुमच्याच भागातला असतो, म्हणून साहेबांनाही तो बाजूला सारता येत नाही.

मोजणीला नवीन मंडळी कंटाळतात. पहिल्या अर्ध्या तासात चहाच्या टपरीकडे डोळे जातात आणि कोणीतरी म्हणतं, "चार दिवसांचा अंदाज टाकून देऊ ना." नाही. एक खोटा रकाना पकडला गेला की उरलेला खरा कागदही वाया जातो. ज्याला दोन तास उभं राहवत नाही त्याने सह्यांचं काम घ्यावं, मोजणी दुसऱ्याला द्यावी.

चुकीच्या दारात अर्ज

शहरात काही लेआऊट मनपाकडे, काही नागपूर सुधार प्रन्यासकडे. हद्दीबाहेर गेलात की एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. मंजुरी कोणाची, हे साइटवरच्या फलकावरून किंवा महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, पानावरून आधी बघा. चुकीच्या कार्यालयाने तुमचं पत्र "योग्य त्या कार्यवाहीसाठी" पुढे पाठवलं की दोन महिने गेलेच.

महारेराचं पान न उघडणं

५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवरच्या आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही बंधनकारक आहे. साइटच्या बोर्डाचा तो कोड फोनने स्कॅन केला की फ्लॅटची संख्या, पार्किंग, मंजुरीची कागदपत्रं समोर येतात. तरीही लोक "दोनशे फ्लॅट आहेत म्हणे" असं लिहितात आणि निघतात एकशे बारा. मग बाकीच्या पत्रावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आपलंच कुंपण न बघणं

हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं, पण सांगितलंच पाहिजे.

दुसऱ्या लढाईत आमचा मुख्य मुद्दा होता की रस्ता जेमतेम वीस फुटी आहे, त्याच्यावर एवढी मोठी इमारत कशी? फोटो होते, टेपने मोजलेलं माप होतं. आकड्यांचा धडा आम्ही शिकलो होतो. साहेबांनी लेआऊटचा मंजूर नकाशा काढून टेबलावर पसरवला. रस्ता १२ मीटरचा, म्हणजे चाळीस फुटी. त्यांनी विचारलं, "उरलेले वीस फूट कुठे गेले?"

उरलेले वीस फूट आमच्याकडे होते. दोन्ही बाजूंच्या घरांनी फाटकाबाहेर पाच-सहा फूट जाळी लावून बाग केली होती. कोणाचा उतार रस्त्यावर, कोणाचा ओटा, कोणाची पाण्याची टाकी. आमच्या घरासमोरही जाळी होती, आत मोगरा आणि जास्वंद. त्या जाळीच्या बाहेर गाड्या लागायच्या, कारण आतल्या पार्किंगमध्ये बहुतेकांनी खोली काढून भाड्याने दिली होती. बिल्डरच्या माणसाने त्याचे फोटो आधीच काढून आणले होते. माझ्या घरासमोरचाही त्यात होता.

याचं महत्त्व नुसत्या लाजेपुरतं नाही. बांधकामाची परवानगी डांबर किती आहे ते पाहून मिळत नाही, मंजूर नकाशातली रुंदी पाहून मिळते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, रस्त्याच्या रुंदीशी जोडलेला आहे. मनपा हद्दीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१ वर थांबावं लागतं. ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) धरून २ पर्यंत जाता येतं, १२ मीटरच्या रस्त्यावर २.२५ पर्यंत. निवासी इमारतीला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक म्हणजे अ‍ॅन्सिलरी एफएसआय वेगळा. म्हणजे इमारत चाळीस फुटी रस्त्याच्या हिशेबाने उभी राहणार, आणि आपण रस्ता वीस फुटी करून ठेवलेला. त्रास त्या फरकाचा आहे, आणि त्यातला अर्धा आपला.

त्या बैठकीहून आल्यावर मी त्याच आठवड्यात जाळी काढली. मोगरा कुंड्यांत लावला. गल्लीत दोन महिने अबोला होता. एका काकूंनी माझ्याकडचं हळदीकुंकूही चुकवलं. पुढे अकरा घरांनी जाळ्या काढल्या, आणि मगच आम्ही लिहू शकलो की आमची बाजू मोकळी आहे, आता रस्ता नकाशाप्रमाणे पूर्ण रुंदीने करून द्या, त्याच्याआधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जायची परवानगी, देऊ नका. हे पत्र कोणालाच फेटाळता आलं नाही. म्हणून माझा आता नियमच आहे: कोणी मदत मागितली की मी आधी त्यांच्या गल्लीत तीस मीटरचा टेप घेऊन जाते. नकाशा आणि टेप जुळत नसतील तर आधी घराघरांत बोलणं, मग निवेदन. हे ऐकून अर्धे लोक परत फोन करत नाहीत.

वेळ निघून गेल्यावर जागं होणं

पाया खोदला की आंदोलन सुरू होतं. तोवर बहुतेक दारं बंद झालेली असतात. साध्या इमारत परवानगीच्या वेळी शेजाऱ्यांची सुनावणी घेण्याची तरतूद १९६६ च्या नगररचना अधिनियमात नाही. नागरिकांना हक्काने बोलायची जागा आधी असते: विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा, किंवा कलम ३७ खाली एखाद्या जागेचं आरक्षण किंवा वापर बदलायचा असतो तेव्हा. कलम ३७ ची सूचना निघाली की हरकतींना एक महिना मिळतो. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना वाचणारा एक माणूस प्रत्येक लेआऊटमध्ये हवाच. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर काका हे काम करतात, रोज सकाळी, लाल पेन घेऊन. तिसऱ्या लढाईत आम्ही वेळेत पोहोचलो ते फक्त त्यांच्यामुळे.

दिलेली परवानगी मागे घेण्याची किंवा बदलण्याची तरतूद कलम ५१ मध्ये आहे, पण इमारतीचं काम बरंच पुढे जाण्याआधी. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. तिच्याविरुद्ध हरित लवादाकडे जायला ३० दिवस, आणि सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यानंतर कितीही खरं असलं तरी ऐकून घेत नाहीत.

माहिती अधिकारात भांडण लिहिणं

"आपण या प्रकल्पाला परवानगी का दिली?" याला उत्तर येत नाही. कागद मागा: मंजूर नकाशाची प्रत, वाहतूक अहवालाची प्रत, अग्निशमन विभागाचं ना हरकत पत्र. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. मी प्रत्येक कागदासाठी वेगळा अर्ज करते. वीस-तीस रुपये जास्त जातात, डोकं शांत राहतं.

"रद्द करा" यापलीकडे काही न मागणं

जागा निवासी असेल आणि नियमात बसत असेल तर स्कीम उभी राहणारच. मग आपल्या हातात काय राहतं ते ठरवून जा. आमच्या अर्ध्या जिंकलेल्या लढाईत आम्ही चार गोष्टी मागितल्या: मुख्य फाटक आतल्या गल्लीऐवजी मोठ्या रस्त्यावर, पाहुण्यांचं पार्किंग आवारातच, मिक्सर आणि रेतीचे ट्रक शाळेच्या वेळेत बंद, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मागे. पहिली आणि तिसरी मिळाली. ट्रकच्या वेळांसाठी वाहतूक पोलिसांकडे जावं लागतं, नगररचनेकडे नाही. हे शोधण्यातच आमचा महिना गेला.

आणखी काही, थोडक्यात

नगरसेवकाला पहिल्याच दिवशी मंचावर बसवू नका. निवडणूक झाली की मंच रिकामा होतो.

चारशे जणांनी एकच छापील पत्र देण्यापेक्षा वीस जणांनी आपापला त्रास लिहिलेला चांगला.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं म्हणजे दिलं असं होत नाही. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच नसेल तर ते पत्र नाहीच.

ट्रक अडवून रस्त्यावर बसू नका. आमच्याकडच्या दोन तरुणांवर गुन्हे दाखल झाले. एकाची नोकरीची पडताळणी त्यात अडकली. त्याच्या आईकडे बघायची हिंमत मला आजही होत नाही.

आणि "बाहेरचे लोक येतील", "भाडेकरू येतील" हे निवेदनात तर नकोच, बैठकीतही नको. मुद्दा रस्त्याचा आहे. आपणही पंचवीस वर्षांपूर्वी कोणाच्या तरी शेताशेजारी घर बांधायलाच आलो होतो. ज्या दिवशी आमच्यातला एक जण ते "बाहेरचे लोक" वालं वाक्य बोलला, त्या दिवशी साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पुढचं ऐकून घेतलं नाही.

तिसऱ्या प्रकरणाची पुढची बैठक पोळ्यानंतर आहे. शाळा सुरू झाल्यावरच्या मोजणीचा एक दिवस झालाय, दुसरा येत्या बुधवारी. चार माणसं हवी आहेत, दोन मिळाली.