लघुमाहितीपटात व्हीएफएक्स वापरताय? या चुका टाळा

नदीवरचा जुना पूल पाडून बरीच वर्षं झाली आहेत आणि तुमच्या दहा मिनिटांच्या माहितीपटात तो आजच्या नदीपात्रावर व्हीएफएक्सने, म्हणजे संगणकीय इफेक्टने, पुन्हा उभा दाखवायचा आहे. संगणकातलं थ्रीडी मॉडेल नेटकं झालंय, दगडांचं टेक्श्चरही (पृष्ठभागाचा पोत) मनासारखं जमलंय. पण शॉटमध्ये बसवला की पूल कधी घसरतो, कधी कागदाचा वाटतो. मग माणूस मॉडेलवरच आणखी आठवडाभर बसतो. तो वेळ बहुधा वाया जातो, कारण चित्रीकरणाच्या दिवशी जे नोंदवायचं राहिलं त्यात खरा बिघाड असतो: लेन्स कोणती, शटर किती, ऊन कुठल्या बाजूने, पात्राची रुंदी किती. मोठ्या कथापटाच्या सेटवर हे सगळं बघायला वेगळा माणूस असतो. लघुमाहितीपटात दोन-तीन जणांनीच सारं सांभाळायचं असतं आणि तोच शॉट पुन्हा मिळेल याची खात्री नसते. म्हणून इथे या चुका जास्त महागात पडतात. हाच पूल उदाहरण म्हणून घेऊ.

पुरावा आणि अंदाज यांची सरमिसळ

जिथे कॅमेरा पोहोचलाच नाही, तिथे माहितीपटात इफेक्टला हक्काची जागा आहे, आणि ही परंपरा संगणकापेक्षा जुनी आहे. १९१५ साली ल्युसिटानिया हे प्रवासी जहाज बुडालं, तेव्हा ते दृश्य टिपणारा कॅमेरा तिथे नव्हता. विन्सर मॅके यांनी १९१८ मध्ये ती घटना हाताने चित्रं काढून पडद्यावर आणली. त्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच मॅके स्वतः घटनेचा तपशील समजून घेताना दिसतात, त्यामुळे पुढे येणारं सगळं रेखाटलेलं आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं.

आपल्या पुलाच्या बाबतीत नेमकं हेच सुटतं. कमानी किती होत्या हे जुन्या फोटोत मोजता येतं, पण कठडा कसा होता ते कोणालाच नक्की आठवत नाही. तरी मॉडेल पूर्ण दिसावं म्हणून कुठून तरी कठडा आणला जातो, आणि पडद्यावर कमान व कठडा दोन्ही सारखेच खरे वाटतात. सांस्कृतिक वारशाचं संगणकीय दृश्यरूप करणाऱ्यांसाठी लंडन चार्टर नावाची तत्त्वं आहेत. त्यांची २००९ सालची आवृत्ती सांगते, की दाखवलेलं दृश्य आज अस्तित्वात असलेली स्थिती आहे, पुराव्यावर आधारलेली पुनर्रचना आहे की तर्काने बांधलेली, आणि त्यात अनिश्चितता किती, हे पाहणाऱ्याला स्पष्ट कळलं पाहिजे.

छोट्या टीमला हे सहज पाळता येतं. मॉडेलच्या प्रत्येक भागापुढे एक ओळ लिहून ठेवा: फोटोवरून, नकाशावरून, कोणाच्या आठवणीवरून की अंदाजाने. अंदाजाचे भाग टेक्श्चर न देता साध्या राखाडी रंगात ठेवा. शॉट सुरू होताना ‘संगणकीय पुनर्रचना’ एवढे दोन शब्द पडद्यावर येऊ द्या. जुन्या फोटोतली गर्दी वाढवणं, फाटलेला भाग एआयकडून भरून घेणं यालाही हाच नियम लागू आहे. ट्रॅकिंग (कॅमेऱ्याच्या हालचालीचा हिशेब) चुकलं तर एक शॉट जातो. पण बनवलेली गोष्ट खरी म्हणून दाखवल्याचं प्रेक्षकाला नंतर कळलं, तर तुमच्या खऱ्या मुलाखतींवरचाही त्याचा विश्वास उडतो.

शटर, फ्रेमरेट आणि ‘ऑटो’ची सवय

२५ फ्रेम प्रतिसेकंद वेगाला साधारण १/५० सेकंद शटर ठेवतात, म्हणजे हालचालीत डोळ्याला सवयीचा पुसटपणा, मोशन ब्लर, येतो. ड्रोन किंवा फोन ऑटोवर असेल तर भर उन्हात तो शटर १/१००० वर नेऊन ठेवतो आणि प्रत्येक फ्रेम सुरीने कापल्यासारखी येते. उपाय एनडी फिल्टरचा, म्हणजे लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणाऱ्या काचेचा. फिल्टर नव्हता आणि शॉट घेऊन झालाय, तर निदान सीजीचा (संगणकात बनवलेल्या चित्राचा) ब्लर त्याला जुळवा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोशन ब्लरचा शटर मुळात ०.५, म्हणजे फ्रेमच्या निम्मा वेळ, असतो, तो १/५० साठी बरोबर आहे. फुटेज १/५०० ला घेतलं असेल तर २५ भागिले ५००, म्हणजे ०.०५ ठेवावा लागेल. शटर किती होता ते आठवत नसेल तर आधी फाइलची मेटाडेटा उघडून बघा.

खोलीतल्या दिव्यांमुळे चित्रात पट्टे फिरत असतील तर शटर विजेच्या वारंवारतेशी जुळलेला नाही. ५० हर्ट्झ वीज असलेल्या ठिकाणी १/५० किंवा १/१००, तर ६० हर्ट्झ असलेल्या ठिकाणी १/६० किंवा १/१२० वापरा.

फोनचं फुटेज बऱ्याचदा बदलत्या फ्रेमरेटने साठवलं जातं. मुलाखतीच्या सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात आणि शेवटी सरकतात, तेव्हा पहिला संशय इथेच घ्या. संकलनाला घेण्याआधी हँडब्रेकसारख्या साधनाने फाइल स्थिर फ्रेमरेटमध्ये बदला. तसंच, २३.९७६ चं फुटेज चुकून २४ म्हणून वाचलं गेलं तर दहा मिनिटांत सुमारे ०.६ सेकंदाचा फरक पडतो. ओठांच्या बाबतीत तो डोळ्यांत भरतो.

पूल घसरतो

कॅमेरा ट्रॅकिंग म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांच्या सरकण्यावरून कॅमेरा कुठून कुठे गेला याचा हिशेब. हिशेब चुकतो तो बहुधा ठिपक्यांची निवड चुकल्यामुळे, आणि नदीवर तर हा धोका फार मोठा. पाण्यावरची चमक, लाटा, वाऱ्याने हलणारी पानं, आकाशातले ढग: सॉफ्टवेअर यांना आनंदाने पकडतं, पण यांतलं काहीच जागेवर स्थिर नसतं. आणखी एक फसवा प्रकार आहे. जवळची फांदी जिथे लांबच्या छपराची कड छेदते, तिथे चित्रात सुबक कोपरा दिसतो, पण प्रत्यक्षात तसा बिंदूच नसतो. कॅमेरा हलला की तो कोपरा भलतीकडे सरकतो. असे ट्रॅक एकेक करून काढा. काठावरचे दगड, घरांचे कोपरे, जवळचे-लांबचे, खालचे-वरचे असे स्थिर बिंदू ठेवा. ब्लेंडरला सोडवणुकीसाठी, म्हणजे कॅमेऱ्याचा मार्ग काढण्यासाठी, ज्या दोन मुख्य फ्रेमपासून हिशेब सुरू होतो त्या दोन्हींत समान असलेले किमान आठ ट्रॅक (माग घेतलेले बिंदू) लागतात, पण आठावर समाधान मानू नका.

हिशेबातले बिंदू आणि चित्रातले बिंदू यांच्यातली सरासरी त्रुटी एक पिक्सेलच्या आत आली की लोक निर्धास्त होतात. आकडा छान असूनही सोडवणूक साफ चुकीची असू शकते. खात्री करायची तर जमिनीवर आणि दोन्ही काठांवर साधे ठोकळे ठेवून संपूर्ण शॉट चालवा. ठोकळा काठाला चिकटून राहिला तरच पुढे जा.

त्रुटी कमी होतच नसेल तर पुढच्या गोष्टी तपासा.

लेन्सची फोकल लांबी बरोबर टाकली, पण सेन्सरची रुंदी? फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. काही कॅमेरे फोरके चित्रीकरणात सेन्सरचा मधलाच भाग वापरतात, तेव्हा रुंदी कमी धरावी लागते. फोनवर लिहिलेली २४ मिलिमीटर ही समतुल्य लांबी असते, म्हणून तिच्यासोबत ३६ चीच रुंदी टाकायची. त्यातही व्हिडिओत फोन कडा कापतो, म्हणून हा आकडा फक्त सुरुवातीचा समजा आणि सॉफ्टवेअरला तो सुधारू द्या.

स्टॅबिलायझेशन चालू होतं का? सेन्सर आतल्या आत हलत असेल किंवा फोन प्रत्येक फ्रेम वेगळी कापत असेल, तर लेन्सचा मध्य दर फ्रेमला बदलतो आणि हिशेबाचा पायाच हलतो. ज्या शॉटवर सीजी बसणार आहे त्यात ते बंद ठेवा. कॅमेऱ्याची सगळी हालचाल आहे तशी येऊ द्या आणि शॉट स्थिर करायचाच असेल तर पूल बसवून झाल्यावर करा.

कॅमेरा जागचा हललाच नाही, नुसता ट्रायपॉडवर फिरला, तर जवळच्या-लांबच्या वस्तूंमध्ये सरकण्याचा फरक पडत नाही आणि खोली कळत नाही. सॉफ्टवेअरला हा ट्रायपॉड शॉट आहे असं सांगा, अंतर तुम्ही हाताने ठरवा. झटकन फिरवलेल्या शॉटमध्ये रोलिंग शटरमुळे उभे खांब तिरपे होतात. सेन्सर ओळीमागून ओळ वाचतो आणि तेवढ्यात कॅमेरा पुढे गेलेला असतो. सुधारणा काही प्रमाणात होते, पण शॉट सावकाश घेणं हाच खरा इलाज आहे.

आणि चित्रीकरणाच्या जागी एक तरी माप घ्या. दोन खुणांमधलं अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असेल तर पुलाची लांबी ठरवताना अंदाज करावा लागत नाही.

पूल जागेवर आहे, पण चिकटवल्यासारखा वाटतो

बहुतेक शॉट याच टप्प्यावर हरतात. पहिली तपासणी उजेडाची. शॉट संपला की त्याच जागी, त्याच फ्रेममध्ये काही सेकंद एक राखाडी आणि एक चकचकीत गोळा धरून चित्रित करा. राखाडी गोळ्यावरून उन्हाची दिशा आणि सावलीचा रंग कळतो, चकचकीत गोळ्यात भोवतालचं सगळं दिसतं. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे चौफेर फोटो घेऊन एचडीआरआय (भोवतालच्या सगळ्या उजेडाची नोंद असलेलं चित्र) बनवता आला तर उत्तमच. मात्र त्यात सूर्य बहुधा पूर्ण पांढरा पडून आपली ताकद गमावतो, म्हणून सूर्यासाठी वेगळा दिवा लावा. सूर्य बदलत राहतो, तेव्हा शॉटची वेळ लिहून ठेवा.

मग स्पर्शाच्या जागा. पुलाचे खांब जिथे पाण्यात आणि मातीत शिरतात तिथली गडद सावली नसेल, तर कितीही बारीक टेक्श्चर त्याला जमिनीवर टेकवू शकत नाही. पाण्यातलं प्रतिबिंबही हवंच. आरशासारखं स्वच्छ प्रतिबिंब मात्र वाहत्या पाण्यात शोभत नाही. लाटांमुळे ते तुटतं आणि उभं लांबट होतं. फुटेजमध्ये काठावरच्या झाडांची प्रतिबिंबं कशी दिसतात ते नीट बघा आणि पुलाला त्यांचंच वळण द्या.

तिसरी गोष्ट काळ्या रंगाची. लांबवरच्या वस्तूंमध्ये हवेतल्या धुरकटपणामुळे खरा काळा उरत नाही. सीजी पुलाच्या कमानीखाली मात्र ठार काळोख असतो आणि तिथेच चोरी पकडली जाते. व्ह्यूअरची गॅमा (मधल्या छटांची उजळता) खूप वर-खाली करून बघा, जे वेगळं उठून दिसेल ते जुळवा. सीजी फुटेजपेक्षा टोकदारही असतं. त्याला किंचित सॉफ्ट करा आणि सर्वांत शेवटी फुटेजसारखा ग्रेन (बारीक दाणेदारपणा) द्या.

रंगांची एक जागा हमखास फसवते. ब्लेंडरमध्ये ४.० पासून सुरुवातीचा व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे दाखवायचे ते ठरवणारी सेटिंग) एजीएक्स असतो. निखळ सीजी दृश्याला तो सुंदर दिसतो, पण तयार रंगांची प्लेट, म्हणजे मूळ फुटेज, त्यातून गेली की फिकी पडते. तेव्हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म स्टँडर्ड ठेवा, किंवा पूल पारदर्शक पार्श्वभूमीवर वेगळा रेंडर करून (त्याची अंतिम चित्रं काढून) नंतर जोडा. दगडांवरचं ऊन विचित्र पडत असेल तर पृष्ठभागाचे उंचवटे आणि खरखरीतपणा सांगणारे नॉर्मल आणि रफनेस मॅप ‘नॉन-कलर’ वर आहेत का ते बघा. ते रंग म्हणून वाचले गेले तर प्रकाशाचं गणित बिघडतं.

कोसळणारा पूल खेळण्यातला वाटतो

सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकाने गणित करून घडवलेल्या हालचालीत, आकार मीटरमध्ये खरा नसला की असं होतं. २० मीटर उंचीवरून सुटलेला दगड खाली यायला सुमारे २ सेकंद घेतो, म्हणजे २५ च्या वेगाला ५० फ्रेम. तुमच्या शॉटमध्ये तो २० फ्रेममध्ये पोहोचत असेल, तर पूल प्रत्यक्षात तीन-सव्वातीन मीटरचाच दिसणार. मॉडेल खऱ्या मापाचं करा आणि स्केल लागू करूनच सिम्युलेशन चालवा.

ग्रीन स्क्रीन

मुलाखत शक्यतो खऱ्या जागी घ्या. बोलणाऱ्या माणसाच्या भोवतालचं घर, काम, भांडी-अवजारंही माहिती देत असतात. मागचं दृश्य बदलण्यासाठी हिरवी स्क्रीन लागलीच तर माणूस तिच्यापासून दोनेक मीटर पुढे बसवा आणि स्क्रीनला वेगळा, सारखा उजेड द्या, म्हणजे खांद्यांवर हिरवी झाक येणार नाही. केसांच्या कडा पायऱ्यांसारख्या तुटत असतील तर फुटेज ४:२:० चं असेल. त्यात रंगाची माहिती दोन्ही दिशांनी निम्मीच साठते. कॅमेरा ४:२:२, १०-बिट देत असेल तर तेच निवडा.

आवाज

४८ किलोहर्ट्झ, २४-बिट, मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास, आणि कानाला हेडफोन. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेची अर्धा-एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा. संकलनात वाक्यं कापाल तेव्हा भोकं बुजवायला तीच लागते. सीजी शॉटलाही आवाज द्या. पुलाखालून वाहणारं पाणी चित्रीकरणाच्या जागीच वेगळं टिपून ठेवा.

रेंडर आणि शेवटची फाइल

थेट एमपीफोरमध्ये रेंडर करू नका. दहा सेकंदांचा शॉट म्हणजे २५० फ्रेम. फ्रेमला ४ मिनिटं धरली तर १००० मिनिटं, जवळपास पावणेसतरा तास. दोनशेव्या फ्रेमला वीज गेली तर व्हिडिओ फाइल उघडेलच असं नाही. प्रत्येक फ्रेम ईएक्सआर प्रकारच्या वेगळ्या चित्र-फाइलमध्ये असेल तर पुढून सुरू करता येतं आणि फक्त बिघडलेल्या फ्रेम पुन्हा काढता येतात. रात्रभर लावण्याआधी पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम पूर्ण दर्जात काढून बघा.

एकेक फ्रेम स्वच्छ, पण चालवलं की दगड उकळल्यासारखे थरथरतात? चित्रातले दाणे पुसणारा डीनॉइझर प्रत्येक फ्रेमला वेगळा अंदाज करतोय. सॅम्पल (दर पिक्सेलसाठी प्रकाशाचा हिशेब किती वेळा करायचा तो आकडा) वाढवा, म्हणजे त्याला अंदाजावर कमी काम करावं लागेल. आकाशात पट्टे दिसत असतील तर ८-बिट फाइलमध्ये रंगांच्या पायऱ्या अपुऱ्या पडल्या आहेत. शेवटपर्यंत १०-बिट किंवा अधिक ठेवा आणि अपलोडच्या प्रतीवर हलका ग्रेन द्या. संकलनात बरोबर दिसणारे रंग निर्यात केल्यावर धुतल्यासारखे किंवा काळवंडलेले आले, तर फिल्म पुन्हा ग्रेड करायला घेऊ नका. आधी लेव्हल्स, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची आकड्यांतली हद्द, बघा: १६ ते २३५ ची फाइल ० ते २५५ म्हणून वाचली गेली की काळा राखाडी होतो, आणि उलट झालं की सावल्यांतला तपशील बुडतो. निर्यातीच्या सेटिंगमध्ये तो एक पर्याय बदलून तीच दहा सेकंदं पुन्हा काढा आणि दुसऱ्या प्लेअरवर, दुसऱ्या स्क्रीनवर लावून बघा.