काचबिंदूच्या ऑपरेशनमधलं ‘ते’ औषध : या चुका टाळा

ऑपरेशनच्या कागदावर ‘ट्रॅब विथ एमएमसी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टमी हे काचबिंदूचं ऑपरेशन आणि सोबत मायटोमायसिन-सी हे औषध. घरातलं कोणीतरी मोबाइलवर शोधतं, ते कॅन्सरचं औषध निघतं आणि सगळ्यांचं धाबं दणाणतं. ‘हे औषध नको’ असं डॉक्टरांना सांगून मोकळं होणं, ही पहिली चूक.

ट्रॅबेक्युलेक्टमीत डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला वरच्या पापणीआड नवी वाट करतात. शरीराच्या लेखी ती जखमच, त्यामुळे ते ती भरून काढायला धावतं. एरवी जखम भरली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. इथे वाट बुजली की डोळ्यातला दाब पुन्हा चढतो. व्रण धरणाऱ्या पेशींना आवरायला हे औषध लागतं. जांभळट द्रावणात भिजवलेले स्पंजचे बारीक तुकडे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली ठेवतात, बहुधा दोन-तीन मिनिटं, मग ती जागा भरपूर सलाइनने धुऊन काढतात. द्रावण साधारण 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. कॅन्सरसाठी शिरेतून देतात तो मामला वेगळा.

दुसरी चूक : ‘सगळ्यात जोरदार तेच वापरा’ म्हणणं. दुसरं औषध 5-फ्लुरोयुरॅसिल, म्हणजे 5-एफयू. ते मुख्यतः विभाजनाच्या तयारीतल्या पेशींना अडवतं. मायटोमायसिन त्याहून जहाल आणि त्याचा परिणाम टिकाऊ. दाब त्याने जास्त उतरतो, म्हणून बहुतेक सर्जन तेच निवडतात. पण त्याची किंमतही मोजावी लागते. पाणी बाहेर पडतं तिथे पापणीआड जो फुगवटा तयार होतो, त्यावरची त्वचा फार पातळ झाली तर पाणी झिरपतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, तोही कधीकधी कैक वर्षांनी. दाब गरजेपेक्षा खाली गेला तर नजर धूसर होते. मोठा मायनस नंबर असलेल्या तरुण पेशंटमध्ये तर दोन्ही बाजूंनी पंचाईत : तरुण वयात व्रण लवकर धरतो आणि दाब पडल्यावर डोळ्याच्या मागच्या पडद्याला (रेटिनाला) सुरकुत्याही लवकर पडतात. आधीची ऑपरेशनं, वर्षानुवर्षं टाकलेले थेंब, डोळ्यातली सूज, हे सगळं डॉक्टरांना आधीच सांगा. डोस त्यावरच ठरतो.

5-एफयूची एक सोय मात्र खरी. वाट बुजू लागलीय असं दिसलं तर ऑपरेशननंतरही फुगवट्याजवळ त्याचं बारीक इंजेक्शन देता येतं. कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागाचा, वरचा थर त्याने दुखावतो, डोळा खुपतो. पण ‘हे बिघडलंय’ असं समजून पुढची भेट चुकवू नका. नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅब या औषधाचंही नाव ऐकाल. ते वापरून पाहिलेलं आहे, पण मायटोमायसिनची जागा त्याने घेतलेली नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक घरी होते. डोळा चौथ्या दिवशी पांढरा दिसला की स्टिरॉइडचे थेंब बंद! व्रण आवरण्यात या थेंबांचा वाटा मोठा आहे; ते कित्येक आठवडे, हळूहळू कमी करत चालतात. उलट टोकाचे लोक तीच बाटली मेडिकलमधून परस्पर आणत राहतात, आणि स्टिरॉइडनेच काहींचा दाब वाढतो. दोन्ही नकोत. आणि नजर परत आली नाही म्हणून औषधाला दोष देऊ नका. हे ऑपरेशन उरलेली नजर राखण्यासाठी आहे, मोतीबिंदूसारखं नाही.

डोळा लाल झाला, चिकट पाणी आलं, दुखू लागलं, तर ऑपरेशनला दहा वर्षं झाली असली तरी त्याच दिवशी दाखवा.