जतन केलेल्या वेबपानाची पीडीएफ करताना

वेबपानाची मांडणी पडद्याच्या रुंदीनुसार बदलते. पीडीएफमध्ये मात्र प्रत्येक अक्षराची जागा कायमची ठरते आणि पानात राहून गेलेला दोषही त्यासोबत कायम होतो. म्हणून बहुतेक वेळ रूपांतरापूर्वी पान तपासण्यात घालवावा.

ब्राउझरमधून पूर्ण पान जतन केले असता एचटीएमएल फाइलसोबत चित्रांचा आणि स्टाइलशीटचा (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलींचा) एक फोल्डर तयार होतो. फाइल हलवताना तो मागे राहिला किंवा त्याचे नाव बदलले, तर पान उघडते खरे, पण चित्रांविना आणि विस्कटलेले. एमएचटीएमएल प्रकारात सारे काही एकाच फाइलीत राहते, त्यामुळे पुढे रूपांतर करायचे असल्यास मी तोच प्रकार निवडतो. अनेक संकेतस्थळे वाचक खाली सरकेल तसतशी चित्रे मागवतात. जतन करताना पान शेवटपर्यंत सरकवलेले नसेल तर त्या जागा रिकाम्या राहतात, आणि मूळ पान उपलब्ध असेपर्यंतच ते पुन्हा जतन करता येते.

देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसत असल्यास ब्राउझर चुकीचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे संकेतांत साठवण्याची पद्धत, धरत असण्याची शक्यता असते. फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये असेल, तर टेक्स्ट एडिटरने तिच्या हेड विभागात (एचटीएमएलच्या सुरुवातीच्या भागात) तशी नोंद करावी. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती, रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या जुन्या पानांना मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण तिथे रोमन अक्षरांच्या संकेतांनाच मराठी रूप दिलेले असते. तो फॉन्ट संगणकावर बसवावा किंवा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

यानंतर क्रोममध्ये कंट्रोल आणि पी ही बटणे दाबून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडावे. त्याच यादीतील ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा पर्याय सारखाच वाटतो, पण त्यातून केलेल्या फाइलीत दुवे चालत नाहीत. कागदाचा आकार ए४, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर, ठेवावा. रुंद तक्ता उजवीकडे कापला जात असेल तर पान आडवे करावे किंवा स्केल कमी करावे. रंगीत पार्श्वभूमी हवी असल्यास ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ चालू करावे. ‘हेडर्स अँड फूटर्स’ मात्र बंद ठेवलेले बरे: संगणकावरील फाइल छापताना तळाशी तिचा पूर्ण पत्ता येतो आणि त्यात बहुधा वापरकर्त्याचे नावही असते. फाइली पुष्कळ असल्यास क्रोम हेडलेस पद्धतीने, म्हणजे खिडकी न उघडता, चालवून कमांडद्वारे हेच काम करता येते.

दीर्घकालीन जतनासाठी पीडीएफ/ए हा प्रकार आहे. २००५ साली आलेल्या आयएसओ १९००५ मानकानुसार त्यात वापरलेले फॉन्ट फाइलीतच असावे लागतात. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमधून तो निर्यात करता येतो.

शेवटी पीडीएफमध्ये जोडाक्षर आणि पहिली वेलांटी असलेला एखादा शब्द शोधून पाहावा. पडद्यावर अक्षरे अचूक दिसत असूनही आतील क्रम बिघडल्यामुळे तो सापडत नाही, असे देवनागरीत अनेकदा घडते. अशा वेळी मूळ एचटीएमएल फाइल पुसून टाकू नये.