स्क्रिप्टमधे वर्णन नेमकं किती लिहायचं?

कथा-कादंबरी लिहून पटकथेकडे वळलेल्या माणसाचं स्क्रिप्ट लगेच ओळखू येतं, कारण पहिला डायलॉग यायच्या आधी अर्धं पान खोलीचंच वर्णन असतं. आणि नुसते सिनेमे बघून लिहायला लागलेल्याचं पण ओळखू येतं, तिथे वर्णनच नसतं, नुसते दोन लोक बोलतायत, कुठे बोलतायत, काय करत बोलतायत काही पत्ता नाही. दोन्हीकडे गोची एकच, वर्णन कशासाठी लिहितोय हे डोक्यात क्लिअर नाही.

माझ्या मते हिशोब सोपा आहे. कॅमेऱ्याला दिसेल किंवा माइकला ऐकू येईल तेवढंच लिहायचं, आणि त्यातलं पण ज्याचं गोष्टीत काहीतरी काम आहे तेवढंच ठेवायचं. बाकी कितीही सुंदर सुचलेलं असो, कट.

उदाहरण घ्या. समजा बायको गेल्यानंतर एकटा राहणारा सुधाकर आहे आणि त्याची बेडरूम पहिल्यांदा दिसतेय. बरेच जण असं लिहितात:

"दहा बाय बाराची खोली. भिंतींना फिकट निळा रंग. डावीकडे लाकडी कपाट, त्याच्या शेजारी टेबल, टेबलावर लॅम्प, चष्मा, सात जुनी मासिकं. खिडकीला पिवळे पडदे. मध्ये डबल बेड. खोलीत एक विचित्र एकटेपणा भरून राहिलाय."

आता हेच असं बघा:

"सुधाकरची बेडरूम. डबल बेडवर दोन उशा. एकीचा अभ्रा तेलकट, मधे खड्डा पडलेला. दुसरीवर इस्त्रीची घडी अजून तशीच."

पहिल्या व्हर्जनमधे एकटेपणा हा शब्द आहे पण एकटेपणा दिसत नाही, दुसऱ्यात तो शब्द नाही पण दिसतो, आणि भिंतीचा रंग न सांगता पण वाचणाऱ्याने खोली मनात उभी केलेली असते. शिवाय ती सात मासिकं. स्क्रिप्टचं ब्रेकडाउन करताना असिस्टंट लोक प्रत्येक प्रॉप (म्हणजे सीनमधे लागणारी वस्तू), कपडा, गाडी मार्क करून याद्या बनवतात, त्यामुळे तुम्ही सहज म्हणून लिहिलेली सात मासिकं कोणीतरी बिचारा खरंच शोधत फिरणार, आणि शूटला ती फ्रेममधे पण येणार नाहीत. पडद्याचा रंग आर्ट डिरेक्टर ठरवेल, ते त्याचं काम आहे आणि तो ते आपल्यापेक्षा बरं करतो.

पात्राच्या एन्ट्रीला पण हेच. वय साधारण किती आणि एखादी गोष्ट ज्यावरून माणूस कळेल, बास. उंची, नाक, डोळ्यांचा रंग कशाला, नट अजून ठरलेला पण नसतो. "दिसायला सुंदर" याने कोणाचंच भलं होत नाही. त्यापेक्षा "निखिल, तिशीचा, लग्नाच्या हॉलमधे सूट घालून, गळ्यात अजून ऑफिसचं आयकार्ड" असं लिहिलं की माणूस, त्याची घाई, त्याचं प्राधान्य सगळं आलं आणि कॉस्च्यूमवाल्याला पण काम मिळालं. (इंग्रजी स्क्रिप्टमधे पात्राचं नाव पहिल्यांदा येतं तेव्हा कॅपिटलमधे लिहितात, आपल्या लिपीत ती सोय नाही, तर बोल्ड करा नाहीतर अंडरलाइन.)

मनातलं लिहायची सवय सगळ्यात चिवट असते. "मीनल गेली तीन वर्षं या नोकरीला कंटाळलीय आणि आज राजीनामा द्यायचा विचार करतेय." हे शूट कसं करणार? मीनल खुर्चीत बसलीय एवढंच दिसणार. मग असं करा: "मीनल ड्रॉवर उघडते. आत एक बंद लिफाफा, कोपरे झिजलेले. ती बॉसच्या केबिनकडे बघते. ड्रॉवर बंद करते." कोपरे झिजलेत म्हणजे लिफाफा बरेच दिवस तिथे पडून आहे, हा एक डीटेल सगळी तीन वर्षं सांगून जातो. वासाचंही तसंच, वास पडद्यावर येत नाही, नाकाला रुमाल लावलेला माणूस येतो.

लांबीबद्दल सगळीकडे एक नियम सांगतात, एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. तो इंग्रजी फॉरमॅटवरून आलाय, कूरियर फॉन्ट, 12 पॉइंट, ठरलेले मार्जिन. देवनागरी फॉन्ट बदलला की पानावर मावणारा मजकूर बदलतो, त्यामुळे आपलं एक पान स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा, हालचाली डोळ्यासमोर आणत वाचा आणि मग ठरवा. पण त्यामागचा मुद्दा कामाचा आहे: वाचायला लागणारा वेळ आणि पडद्यावर लागणारा वेळ जवळपास सारखा असावा. दोन सेकंदात दिसणाऱ्या खोलीला पाऊण पान दिलं तर वाचणाऱ्याच्या डोक्यातला सिनेमा तिथेच अडकतो.

उलट बाजूने पण चूक होते बरं का, आणि ती कोणी फारशी सांगत नाही. "दोघांची जोरदार मारामारी होते." एक ओळ, पडद्यावर चार मिनिटं आणि बहुतेक सगळ्यात महागडा सीन. कोण आधी हात उचलतो, कोणाच्या हाताला काय लागतं, कुठल्या क्षणी पारडं फिरतं हे लिहायलाच पाहिजे कारण गोष्ट तिथे बदलतेय, प्रत्येक गुद्दा नाही लिहायचा, ते फाइट मास्टर बघेल. तसंच भीतीचा सीन, जिथे वेळ ताणायचाय तिथे ओळी वाढवा. आणि तोडून लिहा:

"जिन्यावर पावलं.

थांबतात.

दाराची कडी हळूच वर होते."

तीन वाक्यं म्हणजे तीन शॉट, आणि क्लोजअप हा शब्द कुठेच लिहावा लागला नाही. डिरेक्टर पण खूश, कारण त्याला कोणी कॅमेरा कुठे ठेवायचा ते शिकवत नाहीये. साधारण चार ओळींच्या वर परिच्छेद गेला की तोडाच, कारण स्क्रिप्ट वाचणारे लोक गच्च मजकूर दिसला की सरळ डायलॉगवर उडी मारतात आणि तुमचा महत्त्वाचा डीटेल तिथेच गाडला जातो.

पुढे कामाला येणारी वस्तू असेल तर मात्र ती लपवू नका आणि वाचणाऱ्याच्या तोंडावर पण मारू नका. क्लायमॅक्सला कात्री लागणार असेल तर आधी कधीतरी कोणीतरी त्या कात्रीने काहीतरी कापत असताना दाखवा, नुसती टेबलावरच्या यादीत टाकली तर कोणाच्या लक्षात राहत नाही.

पिरियड म्हणजे जुन्या काळातली गोष्ट किंवा सायन्स फिक्शन असेल तर थोडी सूट आहे, जग अनोळखी असतं. तरी ते जग सगळं एकदम मांडू नका, पात्र जसजसं वापरेल तसतसं दाखवा.

आणि हे सगळं पहिल्या ड्राफ्टला डोक्यात ठेवू नका, नाहीतर लिहिणंच होणार नाही, तिथे भिंतीचा रंग लिहायचा तर खुशाल लिहा. दुसऱ्या ड्राफ्टला हायलायटर घेऊन फक्त वर्णनाच्या ओळी वाचा, प्रत्येक डीटेलला विचारा हे कोण वापरणार, नट, आर्टवाले, कॉस्च्यूम, साउंड की पुढचा सीन. उत्तर आलं नाही तर उडवा, आणि उडवताना जीव तुटला तर वेगळ्या फाइलमधे ठेवा, नटाला पात्र समजावून सांगताना त्यातलं बरंच काही उपयोगी पडतं.